हावटर्नेचा पंच्याण्णवावा दिवस

“भांड हवं तितकं, पण त्याच्यासाठी पानाला कुलूप लावू नकोस,” बेंट फोनवर म्हणाला, तेव्हा रिक्केचं बोट आधीच त्या बटणावर होतं.

“लावलं. आता त्याला तिथे एक अक्षर लिहिता येणार नाही,” ती म्हणाली.

“अगं, तो एकटा माणूस असणार. अशांना दार लावायचं नसतं.”

“पाच महिने रोज सकाळी तू त्याच्याशी भांडून दाखव, मग मला शिकव.”

बेंट निवृत्त शिक्षक. लोकांनी मिळून लिहिलेल्या त्या ऑनलाइन ज्ञानकोशातला विमानांचा विभाग तो कित्येक वर्षं राखत होता, आणि बाळंतपणाच्या रजेत रिक्केला हे काम त्यानेच लावून दिलं होतं. तिने फोन ठेवला आणि खिडकीतून अंगणातल्या बाबागाडीकडे बघितलं. आत तिची सात महिन्यांची लिव्ह, तिथल्या रिवाजाप्रमाणे उघड्या हवेत, दोन पांघरुणांखाली झोपली होती. बाहेर उणे दोन. टेबलावरच्या यंत्रातून तिचा श्वास ऐकू येत होता. तरीही रिक्के उठली, बाहेर जाऊन गाडीच्या टपाखाली हात घालून आली.

हावटर्ने ही विमान कंपनी अवघे चौऱ्याण्णव दिवस चालली. दोन विमानं, शेपटांवर रंगवलेला सुरय पक्षी, १९८७च्या नोव्हेंबरात सुरुवात आणि फेब्रुवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी दिवाळं. एवढ्याशा कंपनीचा इतिहास तपासायला एक दुपार पुरेल असं रिक्केला वाटलं होतं. पानावर शेवटी एक वाक्य होतं: ‘दुसऱ्या दिवशी लिल्स्ट्रुपच्या धावपट्टीवर अकरा प्रवासी बर्फात ताटकळत राहिले.’ खाली जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा दाखला. सगळं नियमात.

आणि रोज सकाळी आठला दहा कमी असताना ‘हँगर-दोन’ नावाने कोणीतरी ते वाक्य खोडत असे.

“कोणी ताटकळलं नाही. विमान गेलं. विमानाचं दार मी स्वतः लावलं,” तो बाजूला लिही.

“स्रोत द्या,” असं लिहून रिक्के वाक्य परत घाली.

“स्रोत समोर बसून कॉफी पितोय.”

“छापील स्रोत हवा.”

“छापणारा बर्फात आला होता का? घरी बसून लिहिलंन त्याने.”

नाताळच्या सकाळीही त्याने खोडलं. कधी गुडघ्याची तक्रार लिही, उजव्या. कधी टुल्ले नावाच्या म्हाताऱ्या कुत्रीची. धावपट्टीवर आता बटाटे लावतात आणि ते आपल्याला खिडकीतून बघावे लागतात, हेही त्याने एकदा लिहिलं. रिक्केचा नवरा एस्किल समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता आणि आठवड्यातून तीनच दिवस घरी असे. तो म्हणाला, “तू माझ्यापेक्षा त्या म्हाताऱ्याशी जास्त बोलतेस.”

“बोलत नाही, वैतागते.”

“माझ्याशीही तेच करतेस की.”

कंपनी बुडाल्याचा टेलेक्स रात्रीच आला होता, पण तो आपण विमान गेल्यावर वाचला, असं हँगर-दोनने सांगितल्यावर एस्किल हसला होता. “वाचून खिशात ठेवला असणार. मी असतो तर तेच केलं असतं.”

जानेवारीत हँगर-दोनने मोठा मजकूर लिहिला. “त्या अकरा जणांत सहा महिन्यांची पोटुशी बाई होती. तिला मी पुढची जागा दिली. आणि गावात मला अजून विचारतात, तिला बर्फात कसं सोडवलं रे तुला? आता तुम्हीही तेच छापा.” रिक्केने ते दोनदा वाचलं. मग चिडून राष्ट्रीय अभिलेखागाराला पत्र लिहिलं. कोपनहेगनला त्या शनिवारी उतरलेल्या विमानांची नोंद मागवली. एकदाचं याचं तोंड बंद होईल.

उत्तर यायच्या आधीच तिचा धीर सुटला आणि कुलूप लागलं.

चार सकाळी शांततेत गेल्या. पाचव्या दिवशी अभिलेखागाराची प्रत आली. हाताने लिहिलेल्या रकान्यात सरळ अक्षरात होतं: हावटर्ने, लिल्स्ट्रुपहून, ९.४०, प्रवासी अकरा.

“छे!” रिक्के इतक्या मोठ्याने म्हणाली की मांडीवरची लिव्ह दचकली.

तिने वाक्य काढलं. कंपनीच्या चौऱ्याण्णव दिवसांचे पंच्याण्णव केले. कुलूप काढलं आणि त्याच्यासाठी लिहिलं, “तुमचंच बरोबर होतं. सगळे अकराच्या अकरा पोहोचले. मला माफ करा.”

दुसऱ्या दिवशी ती पावणेआठपासून बसून राहिली. आठ वाजले. नऊ. त्यापुढच्या सकाळीही काही नाही.

“रुसला असेल,” बेंट म्हणाला.

“रुसलेली माणसं मला ठाऊक आहेत, घरात एक आहे. आपण बरोबर होतो हे वाचायला रुसलेला माणूस धावत येतो.”

रिक्के पानातल्या बदलांच्या नोंदी वरखाली करत राहिली. कुलूप होतं त्या दिवसांत तो आला आणि परत फिरला, की आलाच नाही, हे पानावरून कळायला मार्ग नव्हता.

तिने लिल्स्ट्रुपकडच्या पोलिसांना फोन लावला.

“नाव?”

“हँगर-दोन.”

“अहो, हे नाव झालं का? पत्ता?”

“खिडकीतून बटाट्याचं शेत दिसतं.”

“इथे सगळ्यांच्याच खिडकीतून दिसतं, बाई.”

गाडी एस्किलकडे, एस्किल शनिवारपर्यंत समुद्रावर, आणि आज बुधवार. आगगाडीने जाऊन लिव्हला कडेवर घेऊन बर्फात दारोदार कुठलं घर शोधणार? रिक्केने पुन्हा ते पान उघडलं. आता ती लिहिणार होती तसा मजकूर दुसऱ्या कोणी टाकला असता तर तो तिनेच काढून टाकला असता. ती पानाच्या अगदी वर लिहू लागली.

“लिल्स्ट्रुपच्या आसपासचं कोणी हे वाचत असेल तर. जुन्या धावपट्टीच्या कडेला, जिथे आता बटाटे लावतात, तिथे एक वयस्क गृहस्थ बहुधा एकटे राहतात. त्यांचं नाव मला माहीत नाही, ते मी कधी विचारलं नाही. सोबत टुल्ले नावाची कुत्री आहे. गावात बर्फात सोडलेल्या प्रवाशांची गोष्ट काढलीत तर कोणीही त्यांचं घर दाखवील. ती गोष्ट खोटी आहे, हे दाखवणाऱ्यालाही सांगा. मग कृपा करून आजच जा आणि दार वाजवा. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, उघडायला वेळ लागेल. थांबा.”