नथू धनगराचा टाक

कोंडिबांचे चिरंजीव बहिरू, बहिरूंचे हैबतराव आणि हैबतरावांचा हा भिवाजी, माझा मुलगा. या घराण्याचा शब्द मुळशीत कोणी पारखून घेत नसे.

धरणाचे पाणी गावात शिरले त्या वर्षी मी या घरात नवी सून होते. नथू धनगराने आपल्या देव्हाऱ्यातला टाक, म्हणजे देवाची चपटी प्रतिमा, माझ्या सासऱ्यांच्या हाती दिला. "छप्पर झालं की नेतो," म्हणाला. टाक कसला, बोटाच्या पेराएवढे काशाचे नाणे ते! पण त्यावर घोडा होता, भाला होता. धनगराला खंडोबा ओळखायला आणखी काय हवे?

पुढे सासरे वारले. मी भिवाजीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी, भरे गावी असताना हैबतरावांनी ते नाणे पुण्यातल्या एका खासगी संग्रहालयाला भेट दिले. एकदा दिलेले परत मागणे त्यांना कमीपणाचे वाटे. अखेरपर्यंत त्यांनी ते मागितले नाही.

एकोणीसशे एकसष्टच्या दिवाळीनंतर नथूची सून गोजराबाई आमच्या दारात उभी राहिली. तिच्या नातवाने, देवूने, डोंगरावर विटांचे घर बांधले होते.

"पाटलीणबाई, आमचा देव द्या. त्यो बसल्याबिगर नव्या घरात चूल पेटवत न्हाई आमी. पोरं उघड्यावर जेवत्यात."

"देव पुण्यात आहे," मी सरळ सांगितले.

"पुण्यात? शाळा शिकाया धाडला व्हय?"

भिवाजी खाली मान घालून ऐकत होता. "माझ्या जन्माच्या वेळी गेलाय, मीच आणतो. मावशे, तुमीबी चला."

मीही निघाले.

संग्रहालयाचे व्यवस्थापक सज्जन गृहस्थ होते. काचेखालचे नाणे काढून त्यांनी भिंग पुढे केले. "हे रोमच्या बादशहाचे. उभा आहे तो त्याचा शिपाई, भाला त्याचाच. घोड्यावरून पडतोय तो शत्रू. आजी, तुम्ही हरलेल्याची पूजा करत होता."

बाई आता खचणार, असे मला वाटले. तिने भिंगातून कितीतरी वेळ पाहिले.

"पडतोय व्हय? पर घोड्याची मान सोडली का त्यानं? गाव बुडालं तवा आमीबी असंच धरून ऱ्हायलो. ह्योच आमचा."

व्यवस्थापकांनी भिंग बाजूला ठेवले. "मला पटते. पण भेट आलेली वस्तू नुसती परत देता येत नाही. तोलामोलाची दुसरी आणलीत, तर बदलून देईन."

तशी वस्तू आमच्या घरात एकच होती. नवरदेव हाती धरतो ती चांदीच्या मुठीची कट्यार. येत्या माघात ती भिवाजीच्या हाती यायची होती. त्याने माझ्याकडे पाहिले.

"आई, कट्यारीबिगर लग्न लागतं का गं?"

"लग्न भटजी लावतात, कट्यार नव्हे," मी म्हणाले. "उद्याच आणून दे."

कट्यार देऊन आणलेले ते नाणे भिवाजीने दोन्ही हातांनी धरून देवूच्या दारात गोजराबाईच्या पदरात घातले. तिने त्यावर भंडारा वाहिला, ते देव्हाऱ्यात बसवले आणि चूल पेटवली.

"तुमची ठेव पोचली का?" मी उंबऱ्याबाहेरूनच विचारले.

"पोचली, पाटलीणबाई, पुरी पोचली. आता आत या की. पयली भाकरी तुमाला."