तोरणाबाहेरची जोडी

हे लिहायचंच नाही, असं नितेशनं दोनदा ठरवलं आणि दोनदा फाइल पुसून टाकली. तिसऱ्यांदा टाइप करत बसला होता, तेव्हा दुकानाच्या दारात श्याम येऊन उभा राहिला.

नितेशला लिहायची सवय नाही. अमरावतीतल्या या फ्लेक्सच्या दुकानात नऊ वर्षं तो वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली आणि हार्दिक अभिनंदन एवढंच लिहीत आला. कॉम्प्युटरही पाहून पाहून आपला आपणच शिकला. त्यामुळे मनातलं लिहायला घेतलं तरी पान उघडलं ते दहा बाय आठ फुटांचंच.

"बस ना," नितेश त्याला म्हणाला.

"बसाले नाई आलो. नत्थुजी माहा फ्लेक्स लावून राहिले म्हने पोळ्याले. तो नको छापू."

नत्थुजी म्हणजे वलगावच्या पोळा समितीचे अध्यक्ष. सकाळीच त्यांचा फोन आला होता. पोरगा निर्दोष सुटला, आता मोठा फोटो पाहिजे, वाघाचं चित्र पाहिजे. याच नत्थुजींनी वर्षभरापूर्वी फोन करून श्यामचा फ्लेक्स उतरवायला सांगितलं होतं, आणि नितेश स्वतः शिडीवर चढला होता.

श्याम नितेशचा वलगावचा बालमित्र, सैन्याच्या स्पेशल फोर्समध्ये. डोंगरातल्या एका चकमकीनंतर त्याच्यावर आरोप आला की हाती लागलेल्या निःशस्त्र माणसाला त्यानं गोळी घातली. वर्दी रक्तानं भरलेला त्याचा फोटो मोबाइलवर घरोघर फिरला. अकरा महिने चौकशी चालली. शेवटी गोळी दुसऱ्याच बंदुकीची निघाली. त्या जखमी माणसाला श्यामनंच पाठीवर घेऊन दीड तास उतार उतरवला होता. वर्दीवरचं रक्त त्या माणसाचं होतं.

फ्लेक्स उतरवला एवढंच असतं तर नितेशनं ते कसंबसं गिळलं असतं. सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीच्या जुन्या फोटोतूनही त्यानं श्यामला काढला. त्या जागी तिरंगा बसवला, इतक्या सफाईनं की कुणाला शंका येऊ नये. मग बातमीवाला एक पोरगा दुकानात आला. श्यामचा स्वभाव कसा होता म्हणून त्यानं विचारलं. पोरगा मोबाइल समोर धरून होता, दुकानात चार गिऱ्हाइकं ऐकत होती, आणि नितेशला आपण शहाण्यांच्या बाजूचे दिसावं असं वाटलं. तो बोलून गेला की श्यामचं डोकं पहिल्यापासूनच गरम, दहावीत असताना यानं पोळ्यात बॉम्ब फोडला होता.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. 'बालपणापासूनच बेदरकार, मित्राची माहिती.'

तो बॉम्ब नितेशनं फोडला होता.

त्या पोळ्याला, तोरण तुटून पोळा फुटायची वाट पाहत बैलजोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या होत्या, झुली घातलेल्या, शिंगं रंगवलेल्या. गंमत म्हणून त्यानं सुतळी बॉम्ब लावला. गावातल्या मोतीरामचा बैल उधळला, कासऱ्याच्या दोरीत पाय अडकून मोतीराम फरफटत गेला. तेव्हापासून तो लंगडतो. बैल उधळल्याचं ध्यानात यायच्या आत नितेश दुसरा बॉम्ब लावणार, तेवढ्यात श्यामनं त्याच्या हातातली काडीपेटी हिसकून घेतली. लोक धावून आले तेव्हा काडीपेटी श्यामच्या हातात होती.

नितेशचा बाप त्याच उन्हाळ्यात गेला होता. श्यामनं नितेशकडे एकदा पाहिलं आणि दोष स्वतःवर घेतला. श्यामचे वडील देवराव यांनी भर गर्दीत पोराला कासऱ्यानं झोडपलं, मोतीरामच्या पाया पडायला लावलं. आणि त्या वर्षीपासून देवरावांनी आपली जोडी तोरणाखाली नेली नाही. दर पोळ्याला बैल धुवायचे, सजवायचे आणि रांगेपासून पन्नास पावलं दूर, बाभळीजवळ घेऊन उभे राहायचे. चला म्हटलं तर म्हणायचे, आमी इथंच बरे.

हे सगळं श्यामला माहीतच होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की बातमी आल्यावर देवराव या दुकानात येऊन गेले होते.

नितेशनं मॉनिटर त्याच्याकडे वळवला. "हे वाच पयले. मंग फ्लेक्सचं बोल."

श्याम वाकून वाचू लागला. नितेश भिंतीकडे पाहत राहिला. लिहिलेला शेवटचा भाग त्याला पाठ झाला होता. त्या दिवशी देवराव दुकानातल्या स्टुलावर बसले होते. पाणी दिलं, ते घेतलं नाही. म्हणाले, "नितेश, तू होता त्याच्यासंग तवा. खरं सांग बाबू, बॉम त्यानंच फोडला होता का?"

त्यांना एवढंच हवं होतं. तेव्हा पोरावर खोटा आळ आला असेल तर आताही तसाच आला असेल, एवढाच आधार शोधत म्हातारा वलगावहून आला होता.

नितेश म्हणाला होता, "व्हय काका."

देवराव उठून गेले. दोन महिन्यांनी अकोल्याच्या दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. चौकशीचा निकाल लागला तो त्यानंतर.

श्यामचं वाचून झालं होतं, तरी तो वाकलेलाच होता.

"मले दोन दिवसाची सुट्टी भेटली होती अकोल्याले यायले," तो हळूच म्हणाला. "बाबानं काईच इचारलं नाई. नुसते माह्या हाताकडे पाहून राहिले. मले वाटलं, थकले असन."

नितेशला रडायलाही लाज वाटली. मार मले, असं म्हणावंसं वाटलं, पण तेही सोपंच होतं.

"हे छापतो मी," तो म्हणाला. "दहा बाय आठ. नत्थुजीच्या फ्लेक्सच्या जागी हेच लावतो. माह्या नावासकट."

"छापू नको." श्याम सरळ उभा राहिला. "फ्लेक्स लोक चालता चालता वाचतेत. अन् उतरवताबी येते, तुले माहीत हाय. तोंडानं सांग."

"कोनाले?"

"मोतीरामले. त्याचा पाय कामातून गेला लेका. मंग बाकीच्याइले."

नितेशनं मान हलवली. श्याम दारापर्यंत गेला आणि थांबला. पाठमोराच बोलला.

"बैलं इकली आईनं. बाबाचा कासरा हाय घरी, खुटीले. पोळ्याले तो घिऊन येईन मी. बाभळीजवळ नाई. तोरणाखाली, रांगेत."

"बैलाबिगर?"

"बैलाबिगर."

नितेश खुर्चीवरून उठला. 

"मोतीरामच्या घरी मी आजच जातो. अन् पोळ्याले, तोरण तुटायच्या पयले, बैलं उभी असतानी सगळ्याइच्या समोर सांगतो. तू कासरा घिऊन येशीन ना, तवा तोरणाखाली तुह्या जागेवर मी पयलेपासून उभा असीन."