सांगून जाणारी

चांगुणाची सून सुवर्णा बाळंत झाली ते टाळेबंदीचं साल. त्या वर्षी जन्मलेली काजल आता अंगणवाडीत जात होती, आणि तिची आजी चांगुणा दारात उभ्या असलेल्या जीपकडे पाठ करून ओट्यावर बसली होती.

“माय, चाल न आता,” दीपमाला पुन्हा म्हणाली. आईला अकोल्याच्या दवाखान्यात भरती करायला लेक कालच चिखलीहून आली होती. “पोट्टी यायच्या आत निंघून जाऊ. आली का गळ्यात पडन.”

“येऊ दे तिले.”

“मी सांगन न तिले, आजी माहेरी गेली म्हून.”

“माह्या माहेरात आता कुत्रं बी वळखत नाही मले.”

जीपवाले शंकरराव स्टेअरिंगवर हात ठेवून हसले. दीपमालाला हसू आलं नाही.

चांगुणाचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. जन्म खारपाण पट्ट्यात गेला, हापशीचं खारं पाणी पिण्यात. डॉक्टरांनी किडन्यांचं काय ते दीपमालाला बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला घेतलं, यातच चांगुणाला कळायचं ते कळलं.

जन्मभर तिने दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, कापूस वेचला. लोकांनी नाव घ्यावं असं काही केलं नाही. एकच गोष्ट गावात तिच्या नावाने सांगत, तीही हसण्यावारी.

काजल अजून रांगत होती तेव्हा करोनाची दुसरी लाट आली. सुवर्णाला दम लागला. न्यायला गाडी आली तेव्हा लेकरू झोळीत झोपलेलं. “उठवू नको, रडन,” असं चांगुणाच सुनेला म्हणाली. सुवर्णाने झोळीकडे पाहिलं, तोंडावरचा रुमाल सारखा केला आणि गाडीत चढली. ती परत आली नाही. पुढे कितीतरी दिवस ते लेकरू दाराआड, कोठीमागे रांगत आईला शोधायचं. कोणाच्या कडेवर जायचं नाही. डोळा लागला की दचकून उठायचं. बाप, संघपाल, चाकणच्या कंपनीत कामावर परत गेला, तोही लेकीची नजर चुकवूनच.

तेव्हापासून चांगुणा काजलला सांगितल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. “बाई, मी पाण्याले चालली. हंडा भरला का येतो.” “निंदाले चालली. दिवस कलला का येतो.” लेकरू भोकाड पसरायचं. शेजारची विमलबाई म्हणायची, “चांगुणे, गुपचूप जाय न वं. रडवून काऊन जातं?”

“रडू दे. रडन, पन शोधत तं नाही बसनार.”

आणि सांगितल्या वेळेला ती यायचीच. एकदा कापसाच्या मोजणीला उशीर व्हायला लागला, तर मोजणी तशीच टाकून ती धावत घरी आली. बाया हसल्या. पण हळूहळू काजलचं रडणं कमी झालं. दोन वर्षांची झाली तेव्हा तीच विचारायला लागली, “कवा येशीन?” उत्तर मिळालं की मातीत खेळायला बसायची. अंगणवाडीच्या पहिल्या दिवशी सगळी पोरं आईच्या पदराला लोंबकळत होती. काजलने बाईंना सुट्टी कधी होते तेवढं विचारलं आणि जाऊन पाट धरला.

“आली पाहा,” शंकरराव म्हणाले.

काजल दप्तर खांद्यावर अडकवून आली. “आजी, जीप कोनासाठी?”

“माह्यासाठी. मी दवाखान्यात चालली, अकोल्याले.”

“कवा येशीन?”

दीपमालाने मागून चार बोटं वर केली. चार दिवस सांग. चांगुणाने ती पाहिली आणि तोंड वळवलं.

“मले माहीत नाही, बाई.”

“म्हंजे?”

“बरी झाली तं येईन. नाही झाली तं नाही येनार.”

“मम्मीसारखी?”

दीपमालाने तोंडाला पदर लावला.

“हाव,” चांगुणा म्हणाली. “पन तुह्या मम्मीले म्या सांगू देलं नाही. मी तुले सांगून चालली.”

काजलने दप्तर ओट्यावर टाकलं. मग रागाने म्हणाली, “मंग माह्या येन्या कोन घालन?”

“आबा घालतीन.”

“आबाले कुठी येते!”

काजलचे आजोबा माणिकराव ओट्याच्या कोपऱ्यात तंबाखू मळत होते. घरात अवघड काही निघालं की पारावर सटकायची त्यांची जुनी सवय, आताही चप्पल पायात होतीच.

“इकडे या,” चांगुणा म्हणाली. “बसा तिच्या मांगं. तीन पेड करा. असे नाही. लेकराचे केस हायेत, बैलाचं दावं नाही वळून राह्यले तुमी.”

“माणिकदादा,” शंकरराव ओरडले, “दवाखाना बंद झाल्यावर पोचवतो मंग वहिनीले!”

“थांब बे! सुटून राह्यली हे.”

वेणी झाली, एका बाजूला झुकलेली. काजलने हाताने चाचपली. “ढिल्ली हाये. उद्या बरी घालजो.”

माणिकरावांनी मान हलवली. चप्पल त्यांनी काढून ठेवली होती.

चांगुणा दीपमालाच्या आधाराने जीपमध्ये चढली. काजल जवळ आली, पण तिने पदर धरला नाही. “जाय,” म्हणाली. जीप वळणावर गेली तेव्हा मागून तिचं मोठ्याने रडणं ऐकू आलं.

“थांबवू काय?” शंकररावांनी विचारलं.

“नको. आबा हायेत तिच्यापाशी.” एवढं बोलून चांगुणाने डोळे मिटले. फार थकली होती ती. सोनाळा गाव मागे पडलं तरी तिने डोळे उघडले नाहीत.

पुढे एका पहाटे दीपमालाचा फोन आला. विमलबाई धावत आली, म्हणाली, “पोरीले झोपल्या झोपल्या माह्या घरी नेतो. सारं झालं का आनतो. लेकराले काय कयते!”

 माणिकराव आत गेले आणि काजलच्या अंथरुणाशी बसले. “ऊठ, बाई. तुही आजी मेली.”

“कवा?”

“आत्ता. आता येत नाही ते.”

काजल उठली. दाराकडे गेली नाही. आबांच्या मांडीवर येऊन बसली आणि तिथेच रडली. विमलबाई पदराने डोळे पुसत दारातूनच परत गेली.

चांगुणा अकोल्याच्या दवाखान्यात वारली. माघ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, उजाडायच्या आधी.