तळघरातली शिट्टी

कवायतीच्या मास्तरांना मुलगा झाला, त्या वर्षी मी त्यांच्या गळ्यात आले. मी एक जुनी पितळेची शिट्टी. पोटात बुचाचा छोटा गोळा, बाकी सगळी हवा. मित्रांनो, माझी चकाकी गेली, पण आवाज शाबूत आहे. तो आता कोणी काढू नये, असे मला वाटते.

मास्तर मला रोज कोमट पाण्याने धूत. फुंकण्याआधी स्वतः टाचा जुळवून ताठ उभे राहत. "फुंकणारा वाकडा, तर रांग सरळ कशी होईल?" असे म्हणत. मैदानावर मुले माझ्या आवाजावर धावत, थांबत आणि हसतसुद्धा.

त्यांच्या घरी मुलाचा मावसभाऊही वाढला. आई गेलेले पोर. दोघे एका ताटात जेवत. धाकटा "दादा, दादा" करत मागे शेपटासारखा फिरे.

दोघे कॉलेजात गेले. सुट्टीत तिथल्या प्राध्यापकांनी एक प्रयोग मांडला. तळघरात खोटा तुरुंग करायचा. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले पहारेकरी, निम्मी कैदी. कोंडलेला माणूस कसा वागतो आणि कोंडणारा कसा वागतो, हे त्यांना काचेआडून बघायचे होते. दादाला पहाऱ्याची चिठ्ठी आली, धाकट्याला कैदेची.

"आता बघतोच तुला!"

"बघ बघ. मावशीला तुझं नाव सांगतो की नाही बघ!"

दोघे पोट धरून हसले. दादाने वडिलांकडून मला मागून घेतले.

पहिला दिवस थट्टेत गेला. मग दादाला माझी चटक लागली. कैद्यांचा डोळा लागला की फुंक, घास उचलला की फुंक. संडासाची बादली त्यांच्याकडून नुसत्या हातांनी घासून घेतली. मला कोणी धुतले नाही. न घासलेल्या दातांचा वास आणि त्याची थुंकी माझ्या पोटात आंबली. मित्रांनो, मला ओकता येत नाही, हे माझे दुर्दैव.

"दादा, लघवीला जाऊ दे ना रे."

"दादा कोण? साहेब म्हण."

"साहेब, जाऊ द्या."

"ऐकू नाही आलं."

धाकटा म्हणत राहिला. शेवटी त्याची विजार ओली झाली. दादा हसत हसत मला फुंकत होता. काचेआडून प्राध्यापक मदतनिसाला म्हणाले, "छान! चालू राहू दे."

मग नातेवाइकांच्या भेटीचा दिवस आला. मास्तर धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन बाकावर बसले होते. टेबलावर पाय टाकून बसलेल्या दादाने मला फुंकले. सवयीने मास्तर ताडकन उठले, टाचा जुळल्या, पिशवी खाली पडली. समोरून धाकटा वाकून, पाय ओढत आला. मास्तरांच्या तोंडून, तेही सवयीनेच, निघाले, "पाठ ताठ!"

धाकटा ताठ झाला. "हो साहेब."

"अरे, मी काका आहे."

"हो साहेब."

मग मास्तरांना विजारीचा वास आला. ते भिंतीकडे वळले आणि भडाभडा ओकले. तोंड पुसून त्यांनी दादाच्या गळ्यातून मला हिसकावून घेतले.

"बाबा, खेळ आहे हो हा!"

"मग हा हसत का नाही?"

प्राध्यापक धावत आले. "अहो, प्रयोग अर्धवट राहील!"

मास्तरांनी धाकट्याचा हात धरला. तो मात्र प्राध्यापकांकडे बघून म्हणाला, "साहेब, जाऊ का?"

घरी मास्तरांनी मला पाण्यात उकळले. पितळ स्वच्छ झाले. मला पुन्हा कोणी फुंकले नाही. दोन्ही भाऊ त्यानंतर वेगवेगळ्या ताटांत जेवले.

मित्रांनो, तुमच्याही हाती कोणी शिट्टी देईल, खेळच आहे म्हणेल. तेव्हा समोरच्याचे तोंड बघा. तो हसत नसेल, तर ती खाली ठेवा. आणि धुऊन ठेवा.

मास्तर पुढच्या वर्षी परीक्षांच्या आठवड्यात वारले. बातमी कळताच धाकटा धावत घरी आला आणि उंबऱ्यापाशी थांबला. कोणीतरी "ये" म्हणेपर्यंत तो आत आला नाही.