पहिले वाक्य

पलीकडे कुणी बोलत नव्हते; तरी ऐकले जात होते. “आपण कोण, आणि कशासाठी फोन केला आहे?” असे अनोळखी फोन गाळणाऱ्या यंत्राच्या घोटीव, निर्विकार आवाजाने विचारले होते, आणि त्या प्रश्नामागची शांतता आता सिंधूच्या कानात साचत चालली होती. लातूरच्या नेत्ररुग्णालयातून एकोणीस वर्षे ती रुग्णांच्या घरी फोन करत आली होती. माणसांच्या गप्प बसण्याचे सगळे प्रकार तिला ठाऊक होते. ही शांतता त्यांतली नव्हती.

“नमस्कार भाऊ,” ती सवयीने म्हणाली, “जेवणं झाली का? घरी समदे बरे हायत ना?”

फोन तुटला. सकाळपासून दुसऱ्यांदा.

‘दवाखान्यातून बोलतेय’ हे शब्द आधी कानी पडले की माणसाचे काळीज हलते. लोहा गावच्या एका म्हाताऱ्याने तेवढेच ऐकून फोन हातातून सोडला होता. निरोप फक्त नातीच्या चष्म्याचा होता. तेव्हापासून सिंधू आधी जेवणखाण विचारी, पाऊसपाणी विचारी, समोरचा श्वास सैल झाला की मग मुद्द्यावर येई. आता फसवणारेही तसेच गोड बोलत. मुरुडच्या राजशेखरच्या फोनमधल्या यंत्राने तिलाही त्यांच्यातच ढकलले होते.

राजशेखरची आई बसम्मा दोन वर्षे दान केलेल्या बुबुळाची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत होती. आज सकाळी बुबुळ आले होते, आणि फॉर्मवर नंबर होता तो एकट्या मुलाचा.

“ताई, चारला ऑपरेशन हाय,” शस्त्रक्रियागृहातला जुना ब्रदर नागसेन दारातून म्हणाला. “मुरुडवाले उचलंनात तर यादीतल्या पुढच्या, धर्माबादवाल्याला बोलवा. त्याला यायला चार तास लागतेत. आता पावणेबारा झालेत.”

“एक डाव अजून लावते.”

“मशिनीला जेवणाचं इचारून राहिलात व्हय? ती काय जेवती?”

सिंधू हसली नाही. धर्माबादचा माणूसही अंधारातच बसला होता. त्याला ताटकळत ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हे तिला कळत नव्हते. तिने पुन्हा नंबर लावला. पुन्हा तोच प्रश्न आला. चपला न काढता कुणाच्या देवघरात शिरावे तसे तिला वाटले. तरी ती शिरली.

“मी सिंधू. लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून. बसम्मांसाठी बुबुळ आलंय. भिण्यासारखं काही न्हाई. बाराच्या आत होय म्हणा, न्हाईतर ते दुसऱ्याला जाईल.”

यंत्राने फोन तोडला नाही. मग धाप लागलेल्या एका माणसाचा आवाज.

“कोण? खरंच दवाखान्यातून का? इथं फोनवर लाल अक्षरात ‘संशयित’ म्हणून येऊन राहिलंय.”

“भाऊ, मागल्या खेपेला तुमच्या आईनं मला शेंगापोळी दिली. वर माझं मनगट चाचपून म्हणाल्या, तूप लावून खा, लई वाळलीस.”

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. पण हे गप्प बसणे तिच्या ओळखीचे होते.

“निघालोच ताई,” राजशेखर म्हणाला. दुकानाचे शटर खाली ओढल्याचा खडखडाट तिला फोनमधूनच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. बसम्माच्या पापण्या थरथरल्या, उघडल्या, पाणावल्या, मिटल्या, पुन्हा उघडल्या. पहिल्या दिवशी सगळे धुरकटच असते, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

“मावशी,” सिंधूने हळूच विचारले, “काही दिसतंय का?”

बसम्माने तिच्याकडे पाहिले. निदान तिच्या दिशेने. मग ती उठली, पदर सावरला. राजशेखरने आधारासाठी हात पुढे केला. त्या हाताला बगल देऊन ती दाराकडे चालू लागली. उंबरठ्यापाशी तिने न चाचपडता पाऊल नेमके तेवढेच उचलले, आणि बाहेरच्या उन्हात निघून गेली.