कॅप बसायच्या आधी

मी एक जुनी दाढ आहे. माझा मुक्काम निपाणीजवळच्या एका गावात, त्रिशलाआक्कांच्या तोंडात, खालच्या ओळीत उजव्या बाजूला. दाढ बोलते कशी, असं विचारू नका मित्रांनो. जिभेच्या शेजारी एवढा जन्म काढल्यावर मुकं कोण राहील?

मी उगवले तेव्हा आक्का परकर-पोलक्यातली पोर होती. हिरडीतून डोकं वर काढलं आणि त्याच दिवशी मी अख्खा ऊस मुळासकट फस्त केला. मुळासकट म्हणजे मातीसुद्धा. पुढं ज्वारीच्या भाकऱ्या इतक्या दळल्या, की एकावर एक रचल्या असत्या तर तवंदीचा घाट बुटका दिसला असता. एकदा शेंगदाण्यात खडा आला. मी जरा दाबला, तर खडाच म्हणाला, "चुकलं बाई, पुन्हा येत न्हाय." ज्याला खोटं वाटतं त्यानं त्या खड्याला गाठून विचारावं.

पण किडीपुढं माझी बढाई चालली नाही. शेतात जाता-येता आक्का गुळाचा खडा तोंडात टाकायच्या आणि मला धुवायला विसरायच्या. त्या गोडाखाली मला काळं भोक पडलं. आधी गार पाण्यानं चमक येई, मग बसता-उठता ठणका. लवंग झाली, हळद झाली. आक्कांचे मालक भुजबलीअण्णा यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही, पण कवळी लावून ते राजासारखे हसतात. त्यांनी निकाल दिला.

"उपटून टाक की गं ती. माझं काय अडलंय?"

"तुमची कवळी शिंकलं की ताटात पडती," आक्का म्हणाल्या. "मला न्हाय पायजे तसलं. माझी हाय ती जगवायची."

हे ऐकून मी हिरडीत आणखी घट्ट बसले.

निपाणीच्या दवाखान्यात डॉक्टर प्रियदर्शनी होत्या. माहेर बेळगुंदीचं, बोलणं मऊ, हात त्याहून मऊ. त्यांनी सुई देऊन गाल बधिर केला, माझ्या मुळांच्या नळ्यांत उतरून सडलेली नस काढली, नळ्या धुऊन भरल्या आणि वर तात्पुरतं सिमेंट बसवलं. याला रूट कॅनाल म्हणतात. माझा ठणका गेला आणि त्याच्याबरोबर माझं रडणंही गेलं. नस नसलेल्या दाढेला दुखलं तरी सांगता येत नाही. तुमच्याशी बोलते आहे ती नुसती जुनी खोड म्हणून.

"गाल जड आहे तोवर काही खायचं नाही, आक्का," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि कॅप बसेपर्यंत या बाजूनं चावायचं नाही. आता ही दाढ वाळक्या लाकडासारखी आहे. जोर पडला तर चिरेल, आणि एकदा उभी चिरली की मग काढावीच लागते."

घरी पोचेपर्यंत ऊन कलंडलं. आक्कांच्या घरी दिवस बुडायच्या आत जेवतात. बुडाल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा तोंडात घेत नाहीत, असा लहानपणापासूनचा नेम. डॉक्टरबाईंना ते ठाऊक नव्हतं आणि आक्कांना सांगायचं सुचलं नव्हतं. गाल अजून उशीसारखा, आणि सूर्य चिंचेच्या शेंड्याला टेकलेला.

"आज उपाशी ऱ्हा की," अण्णा म्हणाले.

"गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका म्हटल्यात बाई. थोडं खाते, डावीकडनं."

बधिर तोंडाला डावं-उजवं कुठलं कळायला? आमटीत कालवलेला भाकरीचा घास सरकत सरकत माझ्याकडं आला आणि त्याच्याबरोबर गालही आला. मी जन्मभर जे करत आले तेच केलं.

"आज भाकरी लई मऊ झालीया," आक्का म्हणाल्या. "चव मातर न्हाय."

अण्णांनी मान वर केली आणि त्यांचा हात ताटातच थांबला. "अगं, भाकरी न्हवं ती. तुझा गाल हाय. रगत आलंय बघ."

सकाळी गाल सुजला होता. अण्णांचा माझ्यावरचा राग काही उतरेना. "एवढं करून वर ही सूज. चल, आज काढूनच टाकू." आक्का एसटीत बसल्या त्या गालावर तळहात ठेवून. मित्रांनो, त्या तळहाताखाली माझा जीव मुठीत आला होता. खड्याला घाबरवणारी मी, पण चिमट्याच्या नावानं पार गळाले.

"बाई, ही दाढ काढा," अण्णा आत शिरता शिरताच म्हणाले. "मालकिणीलाच चावती."

डॉक्टरबाईंनी आरसा लावून पाहिलं, मला हलकेच ठोकून पाहिलं. "दाढ झकास आहे, अण्णा. जखम गालाला झालीय. काढायचंच म्हणाल तर गाल काढावा लागेल."

आक्का अर्ध्या तोंडानं हसल्या.

"पण बधिर असताना जेवलात कशाला?"

"दिवस बुडत हुता, बाई."

डॉक्टरबाईंनी आरसा खाली ठेवला. "हे मी आधी विचारायला पाहिजे होतं."

"आन मी सांगाया."

मग सगळं दिवसाउजेडी बसवलं गेलं. पुढच्या खेपेला सकाळचा पहिला नंबर आक्कांचा. गोळ्यांच्या वेळा उजेडातल्या, कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळाही उजेडातच. ब्रश रोजचाच, पण हलक्या हातानं. "थोडे दिवस दाबल्यावर दाढेभोवती दुखेल, त्याला भिऊ नका. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र लगेच या," असं त्यांनी बजावलं.

घरी अण्णा भाकरी दुधात कुस्करून देऊ लागले. "ह्यात माझा हात धरणारं कोण न्हाय," ते म्हणायचे. "कवळी येईपतोर मी हेच खाल्लंय." गाल भरून आला. दुखणं पार थांबलं, आणि माझा खरा कठीण काळ तेव्हा आला. शेजारून शेंगदाण्याचे लाडू आले. लाडू कसले, तोफेचे गोळे.

"आता कायबी दुखत न्हाय," आक्का म्हणाल्या. "एक खाते उजवीकडनं."

मी ओरडू शकत नव्हते. सिमेंटखाली नुसती वाट बघत होते.

अण्णांनी लाडू आक्कांच्या हातातून काढून घेतला. "दुखत न्हाय म्हणून तर भ्या वाटतंय मला. वरडली असती तर कळलं असतं." मग तो लाडू खलबत्त्यात कुटून त्यांनी आक्कांना चमच्यानं भरवला. मला उपटायला निघालेला माणूस तो. त्या दिवसापासून माझा पहारा त्यांनीच केला.

कॅप ठरल्या दिवशी, सकाळीच बसली. दुपारी डॉक्टरबाईंनी सांगितलेल्या वेळेला आक्कांनी भाकरीचा कुरकुरीत पापुद्रा उजवीकडं घेतला. अण्णा स्वतःचं चावणं थांबवून कान देऊन बसले.

"वाजला का?" आक्कांनी विचारलं.

"वाजला," अण्णा म्हणाले, आणि उगाचच पाण्याचा तांब्या भरायला उठले.

मित्रांनो, ठणका असतो तेव्हा दाढेची चौकशी घरदार करतं. तुमच्या घरात दुखणं सोसून गप्प झालेलं कुणी असलं, मग ती दाढ असो नाहीतर माणूस, तर त्याच्यावर लगेच जोर टाकू नका. काही दिवस घास मऊ करून द्या.