हलकी घागर

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली आमच्या गावाला काय मिळालं म्हणाल, तर पेढे मिळाले. पाणी न्हाई. शिरूरच्या अलीकडं आमचं गाव. विहिरींचे तळ दिसायले होते, अन् बाया माळाखालच्या झऱ्यावर नंबर लावून बसायच्या.

आमची पितळेची घागर रिकामीच एवढी जड, की भरल्यावर माझ्या सुनेची, गुणाबाईची, मान खांद्यात जायची. संध्याकाळी मी तिच्या मानेला तेल चोळायची. शेवटी बाजारातून प्लास्टिकची लाल घागर आणली. अगं बाई, काय हलकी! गळा तसाच, काठ तसाच, अन् वजन म्हणाल तर कायबी न्हाई. ज्यानं ही काढली त्याच्या आईनं नक्की पाणी वाहिलं असणार, असं मी गावभर सांगत सुटले. गुणाबाई ताठ मानेनं चालायला लागली. लई बरं वाटलं मला.

पण हलकी वस्तू कुणालाबी उचलता येते. माझा पोरगा व्यंकटी म्हणला, "आता पाणी सिंधु आणील. गुणा माझ्यासंगं खडी फोडायला येईल. शाळा राहू दे."

सिंधु माझी नात, दुसरीत. पितळेची घागर तिला हलतसुद्धा नव्हती, म्हणून तर तिची शाळा वाचली होती.

"मेल्या, लेकराच्या डोईवर घागर देतोस?" मी भांडले.

"तूच आणलीस ना?" तो म्हणला.

पहाटे जळका वास आला. बघते तर चुलीपाशी गुणाबाई. हातात तापलेलं उलथनं, अन् घागरीच्या बुडाला हे एवढं भोक. मला बघून तिनं उलथनं खाली टाकलं.

"आत्या, माझी मान मोडली तर मोडू द्या," म्हणली अन् रडायला लागली. मी तिला पोटाशी धरलं. माझी गुणाची बाय ती.

तेवढ्यात व्यंकटी उठला. "कुणी केलं हे?"

"मी," मीच म्हणलं. "चुलीला टेकवून ठेवली. म्हातारीला दिसतंय का?"

"दुसरी आणतो."

"आण की. मला अजून कमी दिसायलंय."

तो हातोडा उचलून एकटाच खडी फोडायला गेला. सिंधु पाटी घेऊन शाळेला पळाली. गुणाबाईनं कोपऱ्यातली पितळेची घागर ओढली, तसं मी माझं जुनं लुगडं फाडलं, जाड चुंबळ केली अन् तिच्या डोईवर ठेवली.

"चल," म्हणलं, "येताना अर्ध्या वाटेवर मी घेते."